कथेत मोठे होण्याची संधी कोणाला? : सातारा-सांगलीत किशोरवयाचा पहिला चित्रपट करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात राहून स्वतःच्या बळावर पहिला चित्रपट करू पाहणारे पुष्कळ तरुण किशोरवयाचीच गोष्ट निवडतात आणि त्याला व्यावहारिक कारणे आहेत. अशी गोष्ट स्वतःच्या अनुभवाच्या जवळची असते, तिला नावाजलेले कलाकार लागत नाहीत आणि शाळा, पाणंद, ओढा, एसटीचा थांबा या जागा हाताशी असतात. अडचण येते ती कथेतल्या माणसांबाबत. पटकथा लिहून झाल्यावर, बहुधा महोत्सवाचा अर्ज भरताना, ‘विविधता’ हा शब्द समोर येतो. मग नायकाला एक मुस्लिम मित्र मिळतो, शेजारच्या बाकावर एक अपंग मुलगा येऊन बसतो आणि बौद्ध वस्तीतला एखादा प्रसंग मध्यंतराच्या आसपास घातला जातो. ही पात्रे पडद्यावर दिसतात, पण त्यांच्या वाट्याला गोष्ट येत नाही.

किशोरवयाच्या चित्रपटाला एक सोपी कसोटी लावता येते. अशा कथेत मुख्य पात्र काहीतरी गमावते, काहीतरी समजून घेते आणि शेवटी सुरुवातीसारखे राहत नाही. हा बदल कथेत आणखी कोणाच्या वाट्याला येतो, हे तपासावे. बाकीची सगळी मुले नायकाला शहाणे करण्यापुरतीच असतील, तर त्यांच्या जातिधर्मांची यादी कितीही लांबली तरी चित्रपट एकाच घराचा राहतो. पुढच्या सर्व पायऱ्या या कसोटीला धरून आहेत.

पहिली पायरी : जिल्हा सोडून तालुका धरा

‘ग्रामीण महाराष्ट्र’ नावाचे गाव कुठेच नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यांपैकी महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये तो ५०० च्या आसपास राहतो, आणि हा फरक थेट मुलांच्या दिनक्रमात उतरतो. पाटण-जावळीच्या खोऱ्यांत बाप मुंबईला माथाडी कामगार आणि घर आजी-आईच्या हाती अशी कितीतरी कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडे सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय करणारी कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. तिथल्या मुलाला दहावी झाल्यावर चुलत्याच्या दुकानात दूरच्या शहरी जायचे की गावात राहायचे, हा प्रश्न घरात कोणी न विचारताच ठरून गेलेला असतो. जतच्या सीमेवर घरात कन्नड आणि शाळेत मराठी चालते. तासगावची मुले द्राक्षबागांच्या वेळापत्रकात वाढतात. कराड-वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात हंगामापुरत्या कोप्या म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि त्यांत मराठवाड्याहून आलेली मुले चार-सहा महिने राहून परत जातात.

यांतला एकच तालुका निवडावा आणि कथेत नक्की काय घडते ते ठरवण्याआधी तिथे किमान एक हंगाम जाणे-येणे ठेवावे. आपण वाढलो तोच तालुका असेल तर उत्तम, मात्र तेव्हाही आपल्या गल्लीपलीकडचे गाव आपल्याला ठाऊक आहे असे गृहीत धरू नये. कमी पैशांच्या चित्रपटात सगळे समाज दाखवण्याचा हट्ट तर मुळीच धरू नये, कारण नऊ समाजांची तोंडओळख करून देणाऱ्या चित्रपटापेक्षा तीन घरे आतून ओळखणारा चित्रपट अधिक प्रामाणिक ठरतो. जनगणना करायला सरकारी खाते आहे.

दुसरी पायरी : मुले कुठे भेटतात आणि कुठे वेगळी होतात, याची नोंद करा

पटकथेतली विविधता विश्वासार्ह वाटायची असेल, तर वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र येतात त्या खऱ्या जागा सापडाव्या लागतात. जिल्हा परिषदेची शाळा, हायस्कूल, वसतिगृह, तालीम, कबड्डीचे मैदान, सकाळची एसटी, यात्रेतला पाळणा, पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावायचा रस्ता या अशा जागा आहेत. वसतिगृहाची परंपरा तर साताऱ्याच्या मातीतलीच आहे. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ साली कराडजवळच्या काले येथे झाली आणि १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, त्यात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. त्यामुळे वसतिगृहाची खोली हे या भागातल्या किशोरकथेसाठी आयते आणि खरे ठिकाण आहे. तिथे चार मुले एकत्र का आहेत, हे प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

याहून महत्त्वाच्या असतात त्या वेगळे होण्याच्या जागा. शाळा सुटल्यावर मुले ज्या वळणावर पांगतात तिथून गावाची खरी रचना दिसू लागते. कोणता मित्र सोप्यापर्यंत म्हणजे बाहेरच्या ओसरीपर्यंत येतो आणि कोणता आत स्वयंपाकघरापर्यंत, डबा कोणासमोर उघडला जातो, ‘कुणाचा रं तू?’ हा प्रश्न कोणत्या मुलाला विचारला जातो आणि आडनाव सांगितल्यावर विचारणाऱ्याचा आवाज कसा बदलतो, लग्नाच्या पंगतीत वाढायला कोण आणि पत्रावळ्या उचलायला कोण, हे तपशील वहीत टिपून ठेवावेत. मुलींच्या बाबतीत एसटीचे वेळापत्रक हाच पटकथेचा आराखडा ठरू शकतो. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण विद्यार्थिनींना मोफत पास मिळतो, पण शेवटची गाडी साडेपाचला असेल तर खेळाचा सराव, जादा तास आणि मैत्रिणीचे घर हे सगळे साडेपाचच्या आत उरकावे लागते. तिच्या भावाच्या हाती मोटरसायकल असेल तर त्याचा दिवस रात्री दहापर्यंत लांबतो. एकाच घरातली दोन मुले किती वेगळी मोठी होतात, हे यातून कोणत्याही संवादाविना दिसते.

नोंदी घेताना समोरच्याला आपण चित्रपटासाठी आलो आहोत हे स्पष्ट सांगावे, न विचारता मोबाइलवर बोलणे टिपू नये आणि ऐकलेली घटना जशीच्या तशी ओळखता येईल अशी वापरू नये. गाव लहान असते आणि कोणाची बहीण पळून गेली होती हे सर्वांना माहीत असते.

तिसरी पायरी : पटकथेची उलटतपासणी करा

नवख्यांनी सर्वाधिक वेळ याच पायरीला द्यावा, कारण येथे चुकलेली गोष्ट पुढे कोणत्याही कॅमेऱ्याने सुधारत नाही.

समजा, माणमधल्या एका हायस्कुलात नववीत शिकणाऱ्या तिघांची कथा आहे : सुखवस्तू मराठा घरातला मुलगा, त्याचा बौद्ध वस्तीतला मित्र आणि मेंढपाळाची मुलगी. पहिल्या खर्ड्यात बहुधा असे घडते की, मित्राला गावात मारहाण होते, मुलीचे लग्न ठरते आणि या दोन्ही घटना पाहून पहिला मुलगा समंजस होतो. खर्डा वाचताना डोळ्यांत पाणी येते, म्हणून लेखकाला तो चांगला वाटतो. प्रत्यक्षात मार मित्राने खाल्ला, शाळा मुलीची सुटली आणि शहाणपण मात्र तिसऱ्याच्या पदरात पडले.

हा खर्डा दुरुस्त करण्यासाठी प्रत्येक दुय्यम मुलाला नायक हजर नसलेला किमान एक प्रसंग द्यावा. तो प्रसंग लिहायला बसल्यावर आपल्याला त्या घराची किती कमी माहिती आहे हे लगेच कळते, आणि कळणे आवश्यक आहे. त्यानंतर त्या मुलाला त्याच्या जातीशी, धर्माशी किंवा अपंगत्वाशी काहीही संबंध नसलेली एक इच्छा द्यावी. बौद्ध वस्तीतल्या मुलाला लेगस्पिन टाकता यावी असे वाटू शकते, तो आईला खोटे सांगून तालुक्याला सिनेमा पाहायला जाऊ शकतो, वर्गातल्या एखाद्या मुलीसमोर फुशारकी मारू शकतो. अत्याचार सोसणाऱ्या पात्राला निर्दोष ठेवण्याचा मोह लेखकाला फार होतो. पण ज्या मुलाला चुकण्याची मुभा नाही, त्याला मोठे होण्याचीही संधी उरत नाही. मेंढपाळाच्या मुलीनेही कधीतरी मत्सर करावा, मैत्रिणीची चुगली करावी आणि त्याचे परिणाम भोगावेत. शेवटी या दोघांत काय बदलले हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पात्रे अजून लिहून झालेली नाहीत असे समजावे.

दुसरी तपासणी घरांची. बौद्ध कुटुंब म्हटले की भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि दारावर निळा झेंडा एवढ्यावर कलादिग्दर्शन थांबते. तसबीर खरी आहे, आणि ज्या सातारा शहरातल्या सरकारी शाळेत भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले तिथल्या कथेत ती अधिकच अर्थपूर्ण आहे. पण त्या तसबिरीखाली कोण राहते ते दिसले पाहिजे : अंगणवाडी सेविका असलेली आई, भरतीची तयारी करणारा भाऊ, टीव्हीच्या रिमोटवरून होणारे भांडण. मिरजेतले मुस्लिम घर म्हणजे ईद आणि दंगलीची भीती एवढेच नसते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवणारी कुटुंबे आहेत, त्यांचे पूर्वज शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे होते. सतारीसाठी कोरल्या जाणाऱ्या भोपळ्याच्या धुळीने खोकणाऱ्या, बापाचे कसब शिकायचे की आयटीआयला जायचे या पेचात सापडलेल्या मुलाची गोष्ट हीच पुरेशी मोठी गोष्ट आहे.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. चित्रपटांत जात दिसते ती दलित घरात; मराठा, ब्राह्मण, जैन किंवा लिंगायत घर मात्र नुसते ‘घर’ असते. या घरांतही देवघर, सोयरीक, आडनाव, कुळाचार, जमिनीची वाटणी यांतून जात रोज वावरते. नायकाच्या आईने मुलाच्या मित्राला चहा कोणत्या कपात दिला याकडे कॅमेऱ्याने पाहायला हवे आणि नायकाच्याही ते लक्षात यायला हवे. केवळ वस्तीत कॅमेरा नेल्याने जातीविषयी बोलणे झाले, असे मानू नये.

उसतोड कामगारांच्या मुलांविषयी लिहायचे असेल, तर त्या जगाची रचना आधी समजून घ्यावी. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ मोजतात, मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देऊन टोळी बांधतो, आणि जोडी असल्याशिवाय कोयता होत नाही म्हणून मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याचा दबाव येतो. कोपीत मागे राहणारी तेरा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, आणि तिच्या वयाच्या स्थानिक मुली त्याच वेळी शाळेच्या गणवेशात समोरच्या रस्त्याने जातात. या मुलीला कणवेचा विषय करणे सोपे आहे. तिला हिशेब येतो, मुकादमाच्या वहीतली खाडाखोड तिला ओळखता येते आणि ती ते सर्वांसमोर बोलून दाखवते, असे लिहिल्यास ती कथेत शिरते.

अपंग पात्रांबाबत आता न्यायालयाचेही मार्गदर्शन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवरील निकालात, दृक्‌श्राव्य माध्यमांनी अपंगत्वाविषयी हीन भाषा आणि गैरसमजांवर आधारलेले चित्रण टाळावे, वैद्यकीय वस्तुस्थिती तपासावी आणि अपंग व्यक्तींना निर्मितीप्रक्रियेत सामील करून घ्यावे, असे सांगितले आहे. आपल्याकडच्या गावकथांमध्ये तोतरा सोंगाड्या आणि पारावरचा ‘वेडा’ ही दोन ठरीव पात्रे इतकी रुळली आहेत की लिहिणाऱ्याला ती खटकतही नाहीत. ती काढून टाकून कथा अडते का ते पाहावे. सहसा अडत नाही. बायकी चालणाऱ्या मुलावरचे विनोद आणि जोगत्याचे सवंग चित्रण यांनाही हाच नियम लावावा.

चौथी पायरी : भाषेचा कान तयार करा

‘ग्रामीण बोली’ म्हणून चित्रपटांत ऐकू येणारी एक सरसकट भाषा आहे आणि ती कोणत्याही गावात बोलली जात नाही. माणदेशात एकमेकांना हाक मारताना येणारा ‘लगा’ वाईत ऐकू येत नाही, मिरजेच्या मुस्लिम मोहल्ल्यातली दखनी कराडच्या मराठीत बसत नाही, आणि जतचा मुलगा रागावला की कन्नडात जातो. संवाद प्रमाण मराठीत लिहून नंतर क्रियापदे मोडून त्यांना ‘गावठी’ करण्याची पद्धत सोडावी. त्याऐवजी प्रसंगाचा आशय ठरवून तो त्या भागातल्या मुलांकडून बोलून घ्यावा आणि मग लिहावा. आजची नववीतली मुले आजोबांच्या बोलीत बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्यात रील, गेम आणि क्लास मिसळलेले असतात, शिक्षकांसमोर ती प्रमाण मराठीकडे वळतात आणि मैदानात पुन्हा मूळ वळणावर येतात. एकच मुलगा चार ठिकाणी चार तऱ्हांनी बोलतो, हे ऐकू आले पाहिजे.

कन्नड किंवा दखनी संवाद मराठीत बदलू नयेत. खाली मराठी उपशीर्षके द्यावीत. बोली बोलणाऱ्या पात्रावर हसण्याची वेळ प्रेक्षकावर येत असेल, तर तो प्रसंग पुन्हा लिहावा. प्रमाण बोलणारा विचारी आणि बोलीत बोलणारा विनोदी ही विभागणी इतकी जुनी आहे की ती नकळत लेखणीतून उतरते.

पाचवी पायरी : ऑडिशन कुठे घेता, यावर कोण येणार हे ठरते

देवळाच्या सभामंडपात किंवा स्थानिक पुढाऱ्याच्या कार्यालयात ऑडिशन ठेवली, तर कोणती मुले येणार नाहीत हे आधीच ठरून जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग हा त्यातल्या त्यात सर्वांना खुला वाटणारा पर्याय आहे. मुख्याध्यापक आणि शिक्षण विभाग यांची लेखी परवानगी घेऊन सुट्टीच्या दिवशी तो वापरावा. एवढ्यावरही काही घरांतून मुले येत नाहीत, म्हणून वस्तीत, मेंढपाळांच्या वाड्यावर आणि कोप्यांपाशी स्वतः जावे. येण्याजाण्याचे भाडे आणि खाणे द्यावे, कारण एक दिवसाची मजुरी बुडवून पोराला घेऊन आलेल्या आईला ‘कळवतो’ एवढे सांगून परत पाठवणे योग्य नाही. मुलींच्या ऑडिशनला युनिटमधली एक स्त्री हजर असलीच पाहिजे.

दलित पात्र दलित मुलानेच करावे का, अपंग पात्र अपंग मुलानेच करावे का, हा प्रश्न प्रत्येक नवख्या दिग्दर्शकाला पडतो. माझे मत असे की, मुख्य भूमिकांसाठी तसा प्रयत्न अगदी मनापासून करावा, विशेषतः ज्यांना एरवी संधीच मिळत नाही त्या मुलांसाठी. पण ऑडिशनच्या खोलीत कोणाही मुलाला जात विचारू नये. शोध ज्या वस्त्यांत घेतला त्यावरून हे काम आपोआप होते. कर्णबधिर पात्रासाठी कर्णबधिर मुलगा निवडला, तर सांकेतिक भाषेचा दुभाषा पहिल्या तालमीपासून ठेवावा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा. निवड झाल्यावर पालकांना पूर्ण गोष्ट मराठीत सांगावी, मुलाला कोणता अपमानास्पद शब्द ऐकावा लागणार आहे हेही सांगावे, आणि हा चित्रपट पुढे मोबाइलवर कायम फिरत राहील याची स्पष्ट कल्पना द्यावी. भूमिकेतले नाव मुलाला शाळेत चिकटते. त्यासाठी वर्गशिक्षकांशी आधीच बोलून ठेवणे उपयोगी पडते.

सहावी पायरी : मुलांविषयीचा कायदा अंदाजपत्रकाआधी वाचा

चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठीचे नियम केंद्र सरकारच्या बालकामगार प्रतिबंधविषयक २०१७ च्या सुधारित नियमांत आहेत, आणि चित्रपट कितीही लहान असला तरी ते लागू होतात. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यावी लागते. त्यासोबत ‘नमुना सी’मधील हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव द्यावे लागते, हे हमीपत्र ६ महिने चालते. मुलाकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम देता येत नाही आणि शाळेचा अभ्यास बुडणार नाही अशी सोय करावी लागते. दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावी लागते. मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर त्याला कामाला लावता येत नाही, हेही नियमातच लिहिले आहे.

पाच तासांचा नियम शेड्यूल बदलून टाकतो. माणमध्ये उन्हाळ्यात दुपारी चित्रीकरण तसेही अवघड असते, म्हणून सकाळचे तीन आणि संध्याकाळचे दोन तास मुलांना देऊन मधल्या वेळेत मोठ्यांचे प्रसंग घ्यावेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलांनाही हीच शिस्त लावावी.

मेंढ्या, बैल, कुत्रा पडद्यावर आणायचे असतील, तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. मेंढपाळाच्या कथेत हे विसरले, तर पुढे प्रमाणपत्राच्या वेळी काम अडते.

सातवी पायरी : पडद्यामागची रचना आणि सेटवरची वागणूक

कॅमेऱ्यासमोर पाच समाजांची मुले आणि कॅमेऱ्यामागे एकाच महाविद्यालयाच्या एकाच गटातले मित्र, अशी स्थिती असेल तर चुका दाखवून देणारा कोणी उरत नाही. लेखनात, सहायक दिग्दर्शनात आणि संकलनात, म्हणजे जिथे निर्णय होतात तिथे, त्या घरांतून आलेली माणसे असावीत. स्थानिक व्यक्तीला केवळ गाडी ठरवण्यासाठी आणि गर्दी आवरण्यासाठी घेणे याला सहभाग म्हणता येत नाही. बोलीची दुरुस्ती करणाऱ्याला, वस्तीची ओळख करून देणाऱ्याला आणि मेंढ्या हाकणाऱ्याला लेखी करारानुसार मानधन आणि श्रेयनामावलीत नाव मिळावे. दहा किंवा अधिक लोक कामावर असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. मुलींना कपडे बदलण्याची बंद जागा आणि स्वच्छतागृह नसेल, तर ते लोकेशन कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. (देखण्या लोकेशनवरून आठवले : वाई आणि मेणवलीचे घाट सुंदर आहेत यात शंका नाही, पण ते इतक्या चित्रपटांत येऊन गेले आहेत की तिथे उभे केलेले पात्र कोणत्याच गावचे वाटत नाही.)

जातिवाचक शिवी, मारहाण किंवा छेडछाडीचा प्रसंग मुलाबरोबर आधी सावकाश तालीम करून घ्यावा. ‘खरी प्रतिक्रिया’ मिळावी म्हणून मुलाला अंधारात ठेवणे हा अभिनय काढून घेण्याचा मार्ग नव्हे, तो छळ आहे. शिवी देणारा नट आणि ती ऐकणारा मुलगा यांची आधी चांगली ओळख असावी, शब्द पटकथेत लिहिलेला तेवढाच बोलावा आणि ऐन वेळी कोणीही भर घालू नये. पालक किंवा नेमलेली जबाबदार व्यक्ती नजरेच्या टप्प्यात असावी आणि त्या दिवशी पाहुण्यांना सेटवर येऊ देऊ नये. वस्तीच्या नावांबाबतही दक्ष राहावे : राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आहे. त्यामुळे आजच्या काळातल्या कथेत फलकावर जुने नाव दाखवायचे असेल तर त्यामागे कथेचे कारण असावे. गावकरी तोंडी अजूनही जुनेच नाव वापरतात, हे दाखवणे मात्र खरेच ठरेल.

जेवणाची रांग एकच असावी. स्पॉटदादा, मेंढपाळ, बालकलाकारांचे पालक आणि छायाचित्रणकार एकाच भांड्यातले जेवतील अशी व्यवस्था पहिल्या दिवशी केली, तर नंतर कोणाला काही सांगावे लागत नाही.

आठवी पायरी : संकलनात कोणाचे प्रसंग कापले जातात, ते पाहा

पहिले संकलन लांबते आणि कात्री चालवायची वेळ येते. तेव्हा सर्वांत आधी जातात ते नायक नसलेले प्रसंग, कारण ‘मूळ कथा’ त्यांच्याशिवायही पुढे सरकते. तिसऱ्या पायरीवर केलेली सगळी मेहनत येथे एका दुपारी वाया जाऊ शकते. म्हणून कापलेल्या प्रसंगांची यादी ठेवावी आणि प्रत्येक फेरीनंतर मेंढपाळाच्या मुलीचे शेवटी काय उरले ते पुन्हा वाचावे. नायकाच्या विचारमग्न चालण्याचे दोन-तीन शॉट कमी केले की बहुधा पुरेशी मिनिटे सुटतात.

अंतिम प्रत होण्याआधी, बदल करणे शक्य असतानाच, ज्यांच्याविषयी चित्रपट आहे त्यांना तो दाखवावा. शाळेच्या सभागृहात सर्वांसाठी एक खेळ आणि वस्तीतल्या माणसांसाठी वेगळा एक खेळ ठेवावा, कारण सरपंचासमोर वस्तीतली बाई मोकळेपणाने बोलेलच असे नाही. ‘छान झालाय’ या शब्दांवर समाधान मानू नये. कोणता प्रसंग खोटा वाटला, कोणत्या घरात असे घडत नाही, कोणत्या शब्दाला लोक अवघडले, असे नेमके प्रश्न विचारावेत. सगळ्या सूचना स्वीकारणे शक्य नसते, आणि एखाद्या समाजातल्या पुढाऱ्याला न रुचलेला प्रसंग त्याच समाजातल्या मुलींना अगदी खरा वाटतो असेही होते. अशा वेळी कोणाचे ऐकायचे हा निर्णय दिग्दर्शकाचाच असतो, मात्र तो दोन्ही बाजू ऐकून घ्यावा.

चित्रपटगृहात प्रदर्शन करायचे असेल, तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना २०२३ च्या दुरुस्तीनंतरचे वयोगट लक्षात घ्यावेत : यूए म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या गटात आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग आहेत. किशोरवयीनांवरचा चित्रपट किशोरवयीनांनाच पाहता येणार नाही असे होऊ नये, म्हणून शिव्या आणि हिंसा यांचे प्रमाण संकलनातच ठरवावे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी चित्रपट सुलभ करण्याच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या आहेत. श्राव्य वर्णन आणि आवाजांसह मजकूरपट्टी यांचा खर्च ध्वनिमिश्रणाच्याच अंदाजपत्रकात धरला तर तो नंतर जड जात नाही. बालकलाकार असलेल्या चित्रपटात, चित्रीकरणादरम्यान मुलांचे शोषण, दुर्लक्ष किंवा छळ होऊ नये यासाठी सर्व काळजी घेतली होती, अशी सूचनाही पडद्यावर द्यावी लागते. ती पाटी लावण्याआधी मुदतठेवीच्या पावत्या पालकांच्या हातात पोहोचल्या आहेत का आणि ज्यांची परीक्षा चित्रीकरणात अडकली होती त्या मुलांचे निकाल काय लागले, एवढे निर्मात्याने स्वतः विचारून घ्यावे.